हाडसाहेबांचे हरभरे

हाडसाहेबांना माणसाचं तोंड लक्षात राहत नसे. नाव तर त्याहून नाही. लक्षात राही ते फक्त हाड. कळमनुरीच्या आठवडी बाजारात, मिरच्यांच्या ढिगांमधून वाट काढताना एखादा माणूस पाठमोरा चालताना दिसला, की साहेब मागून हाक मारत, "अहो उजवी मांडी! थांबा जरा!" चार माणसं दचकून आपापल्या मांड्यांकडे बघत. ज्याला हाक मारलेली असे तो मात्र बरोब्बर थांबे. "चांगलं चालून राहिले. पण टाच आधी टेका, टाच," एवढं सांगून साहेब पुढे जात. तोच माणूस समोरून आला असता आणि त्यानं हात जोडले असते, तर साहेबांनी त्याला ओळखलं नसतं.

मी त्यांची "डावी नडगी". आईबाबांनी माझं नाव सुजाता ठेवलं होतं आणि ते मी साहेबांना कितीदा तरी सांगितलं. ते प्रत्येक वेळी "अरे वा, छान नाव आहे" म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी दारातून आत येताना विचारत, "काय म्हणते आमची डावी नडगी?" मला राग यायचा. सोळा वर्षांची होते, रागाला माझ्याकडे तोटा नव्हता. पुढे त्या हाकेची सवय झाली. आज कोणी मला तशी हाक मारली, तर मी पहिल्या हाकेला ओ देईन.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, आणि तिथल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात साहेब हाडांची ऑपरेशनं करत. घराणं गावातल्या एका देवळाच्या पूजेचं, शिक्षण निजामाच्या काळातलं, हैदराबादेला. त्यामुळे बोलण्यात 'तकलीफ' आणि 'बराबर' असे शब्द जागोजागी. त्यांच्या काकांना हा उद्योग पसंत नव्हता. "घंटा वाजवायची सोडून हाडं वाजवत बसला," असं ते म्हणत, आणि साहेब ते वाक्य मोठ्या कौतुकानं सगळ्यांना ऐकवत. कयाधूच्या वाळूत त्यांना एकदा बैलाच्या मांडीचं हाड सापडलं, उन्हापावसानं पांढरंफेक झालेलं. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ते त्यांनी वर ठेवून दिलं. ते बघून एक म्हातारी दारातूनच परत फिरली आणि हा डॉक्टर भानामती करतो, असं तिनं गावभर सांगितलं. साहेबांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, "येत असती तर बरं झालं असतं. ऑपरेशनला इतका वेळ लागला नसता."

माझ्या पायाची गोष्ट अशी, की आमच्या गावी, साखऱ्याला, शेतातून येताना मी बैलगाडीतून खाली उडी मारली. उडी कसली, नुसती उतरले. पाय मोडला. तो बसवला, जुळला, आणि शाळेच्या पायरीवर पुन्हा तिथंच मोडला. एक्स-रे काढला तर गुडघ्याखाली हाड आतून पोकळ निघालं. दुसऱ्या एका गावी माझ्या कमरेचं हाड काढून त्या पोकळीत भरून झालं. काही महिन्यांत ते जिरून गेलं आणि पोकळी जिथल्या तिथं. आता पुन्हा मोडलं तर पाय आखूड होणार, काठी जन्माची सुटणार नाही, असं सांगितलं गेलं होतं. गावात तर माझा पाय केव्हाच कापून झाला होता. मावशी ओसरीवर आईला म्हणाली, "पोरगं असतं तर येगळी गोष्ट व्हती." मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. मला फार काही नको होतं. स्वतःच्या दोन पायांवर शाळेत जायचं होतं, एवढंच.

साहेबांनी पहिल्या दिवशी माझा एक्स-रे खिडकीशी उजेडाला धरला आणि बराच वेळ तो बघत उभे राहिले.

"आतून किडलंय का हो साहेब?" बाबांनी विचारलं.

"किडलं नाही. पेव आहे."

आमच्याकडे तेव्हा ज्वारी जमिनीतल्या खोल पेवात साठवत. रिकाम्या पेवावरून गाडी नेली की गाडी आत जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा पाय मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

"मंग भरा की," आई म्हणाली.

"भरू. पण कशानं?" असं म्हणून साहेब बाहेरच्या चिंचेकडे बघत गप्प झाले. ही त्यांची खोडच होती. बोलता बोलता मध्येच ते कुठेतरी निघून जात, डोळे उघडे, ओठ किंचित हलत असलेले. दवाखान्यातल्या आयाबाई अशा वेळी बोटानं चूप करून सांगत, "साहेब गेलेत. येतील." मग आम्ही सगळे ते येण्याची वाट बघत बसलो. आल्यावर ते म्हणाले, "पुन्हा कमरेचं काढणार नाही. एका लेकराच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला किती वेळा द्यायचा?"

दवाखान्यात बायकांच्या खोलीला पडदे नव्हते. साहेबांनी जुने एक्स-रे खिडक्यांच्या काचांवर चिकटवले होते. दुपारी ऊन त्या बाजूला आलं की खोलीभर निळसर, पाण्यातल्यासारखा उजेड पसरे. कोणाचा खांदा, कोणाची बरगडी, कोणाचा आख्खा पंजा बोटं पसरून उन्हात तरंगत असे. चिंचेची फांदी हलली की तो पंजा हलल्यासारखा वाटे. मी पाय दोन उशांवर ठेवून पडलेली असायचे आणि झोप आणि जाग यांच्यामध्ये कुठेतरी मला वाटायचं, की मी नदीच्या तळाशी आहे आणि वरून माणसं चालत चालली आहेत. भीती वाटायची नाही. इतकं शांत मला पुढे कुठंच वाटलं नाही, स्वतःच्या घरातसुद्धा नाही.

त्या उजेडात साहेब स्टूल ओढून बसत. "तुला वाटतं हाड म्हणजे दगड," एकदा ते म्हणाले. "दगड कसला? हाड म्हणजे हळू वाहणारं पाणी. जुनं जात असतं, नवं येत असतं. काही वर्षांनी तुझ्या अंगात आजचं हाड शोधून सापडणार नाही. तुझं पाणी तेवढ्या एका जागी वाट चुकलंय. त्याला थोडा काठ दाखवायचा." मी विचारलं, मग आजचं हाड जातं कुठं? ते खूप वेळ खिडकीतल्या पंज्याकडे बघत राहिले. "बराबर विचारलं," म्हणाले, आणि उठून पुढच्या खाटेकडे गेले.

पेव कशानं भरायचं, याचं उत्तर त्यांना माझ्या बाबांच्या नखांत सापडलं. बाबांची थोडी कोरडवाहू जमीन होती, आणि उरलेल्या वेळात ते प्लास्टरच्या बुद्धमूर्ती करत. त्या वर्षांत गावोगाव लहान लहान विहारं उभी राहत होती. दगडाची मूर्ती कोणाला परवडणार? बाबा साच्यात प्लास्टर ओतत, मूर्ती काढून वाळवत, वरून वार्निशचे हात देत आणि डोक्यावर टोपलीत घालून पायी पोचवून येत. त्यांच्या नखांत कायम पांढरं असायचं. साहेबांनी एकदा त्यांचा हात धरला आणि सोडेचनात.

"हे काय आहे?"

"पलास्टर हाय साहेब. मूर्तीचं."

साहेबांचा चेहरा असा झाला, की आयाबाई "गेले" म्हणायला तोंड उघडणार होती. पण या वेळी ते गेले नाहीत. एक जाड इंग्रजी मासिक घेऊन आले. परदेशात काही डॉक्टर हाडातली पोकळी प्लास्टरच्या गोळ्यांनी भरतात, आणि ते पुष्कळ जुन्या काळापासून चालत आलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. शरीर ती गोळी हळूहळू विरघळवून टाकतं, आणि तिच्या जागी आपलं हाड येत जातं.

बाबा हसायला लागले. त्यांना वाटलं साहेब थट्टा करून राहिले. "न्हाई हो साहेब! पलास्टर पान्यात टिकत न्हाई. मूर्ती पावसात ऱ्हायली तर नाक जातं, कान जातो. आन पोरीच्या पायात तर आतून ओलच हाय."

"टिकत नाही म्हणूनच तर ते पाहिजे, मूर्तिकार."

बाबांचं हसू थांबलं. ते माझ्याकडे बघायला लागले. साहेब मग आमच्या तिघांकडे बघून सरळ म्हणाले, "मी हे आधी केलेलं नाही. वाचलंय, आणि मला पटलंय. तुम्ही नको म्हणाल तर करणार नाही." आईनं बाबांकडे बघितलं. मीच म्हटलं, "करा." माझा पाय होता.

दवाखान्यातलं औषधी प्लास्टर साहेबांनी बाबांना दिलं, आणि बाबांनी सागाच्या फळीला सारख्या मापाची भोकं पाडून त्यांत ते दाबून गोळ्या पाडल्या. हरभऱ्याएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. आई त्यांना हरभरेच म्हणायची आणि मग सगळा दवाखाना म्हणायला लागला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा स्वच्छ फडक्यात हरभरे बांधून घेऊन आले. साहेबांनी ते भट्टीत तापवून निर्जंतुक करायला द्यायचे होते. एक त्यांनी बोटांत धरला आणि नाकाशी नेला. मग माझ्या उशाशी असलेल्या पेल्यातलं पाणी बोटाच्या टोकावर घेऊन त्याच्यावर एक थेंब सोडला.

साध्या प्लास्टरनं तो थेंब पटकन पिऊन टाकला असता. इथं तो घरंगळला. अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा. साहेबांनी दुसरा हरभरा घेतला. तोही तसाच.

"मूर्तिकार, काय लावलं याला?"

बाबांनी मान खाली घातली. "वार्निश. दोन हात दिले."

"काहून?"

बाबा नखातलं पांढरं कोरत राहिले. मग त्यांचा आवाज फुटला, "आवो, समदं इरघळून गेलं तर माझ्या लेकराच्या पायात ऱ्हाईल काय?"

मला वाटलं, आता साहेब चिडणार. ते वार्निशचे हरभरे पायात गेले असते तर हाडाला आत शिरायला जागाच मिळाली नसती. माझ्या पेवात कायमचे खडे भरून राहिले असते, वर जखम चिडली असती ती वेगळीच. कोणीही चिडलं असतं. साहेब बाबांच्या शेजारी माझ्या खाटेच्या कडेला बसले.

"तिचं ती राहील," ते म्हणाले. "दुसरं काय राहायला पाहिजे?" आणि पुढे, "तुम्ही रोज संध्याकाळी विहारात वंदना म्हणता ना? सगळं अनित्य आहे म्हणता. मी देवळाच्या घरातला माणूस, मला ते पाठ नाही, पण ऐकलंय भिंतीपलीकडून. आणि मग हरभऱ्यांना वार्निश?"

बाबा रडता रडता हसले. माझे बाबा कधी कोणासमोर रडल्याचं मी बघितलं नव्हतं. हरभरे फेकून द्यायला ते उठले तर साहेबांनी त्यांचा हात धरला. "फेकू नका. मायेनं केलेली चूक आहे ती. ठेवा घरात."

त्या दिवशी बाबांनी दवाखान्याच्या ओट्यावर बसून पुन्हा हरभरे पाडले. मला उघड्या खिडकीतून दिसत होते. मूर्ती घडवताना ते बोलायचे, गुणगुणायचे. त्या दिवशी एक शब्द नाही. आयुष्यभर त्यांनी टिकावं म्हणून हात चालवला होता, आणि आता विरघळावं म्हणून चालवायचा होता. नवा घाणा वाळायला वेळ लागला, म्हणून ऑपरेशन पुढे गेलं. साहेबांनी त्यांना घाई केली नाही. मधून मधून नुसते येऊन उभे राहायचे.

ऑपरेशनला मला कमरेखाली बधिर केलं होतं. वर मी जागी होते, पण जागी म्हणजे कशी, खिडकीतल्या उजेडासारखी. मध्ये फडकं धरलेलं, त्यापलीकडे साहेबांचा आवाज. "डावी नडगी, तुमच्याकडे पेव भरताना काय करतात सांग." मी सांगत गेले. आधी तळाशी कडबा टाकायचा, बाजूंनी लावायचा. आत आधी दिवा सोडायचा, विझला तर कोणी उतरायचं नाही. मग टोपल्यांनी ज्वारी. मी बोलत होते आणि दूर कुठेतरी टिक, टिक असा बारीक आवाज येत होता. हरभरे पडत होते. मला दिसत होतं, की आमच्या वावरातल्या पेवाच्या तोंडाशी बाबा उभे आहेत आणि ओंजळीनं काहीतरी पांढरं आत सोडताहेत, आणि ते पडताना खालून दिव्याचा उजेड वर येतोय. मी विचारलं, "भरलं का?" साहेब म्हणाले, "भरलं. आता विसरून जा."

विसरतंय कोण? पहिल्या एक्स-रेत हरभरे लख्ख दिसले, पोत्यात भरल्यासारखे. आईला इतका आनंद झाला, की तिनं तो फोटो गल्लीतल्या बायकांना दाखवायला मागितला. पुढच्या फोटोत ते धूसर झाले. त्याच्या पुढच्यात नाहीसेच झाले, आणि पोकळी काळीभोर दिसायला लागली. आईनं कपाळाला हात लावला. "गेले! समदे गेले! रिकामं झालं वो पेव!" बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी फक्त साहेबांकडे बघितलं. ते बघणं मी विसरले नाही. वार्निश लावू दिलं असतं तर, असं त्यात होतं.

साहेब मात्र लग्नघरातल्यासारखे खुशीत. "आता हाडाची पाळी," म्हणाले. पण मी बघत होते ना रोज. ते दुपारी येऊन माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर जास्त वेळ बसायला लागले होते. त्यांच्या उघड्या डोळ्यांच्या फेऱ्या लांबल्या होत्या. एकदा मी विचारलं, "साहेब, नाही आलं हाड तर?" त्यांनी खोटं सांगितलं नाही. "तर मला फार तकलीफ होईल," म्हणाले. मला तेवढ्यानं धीर आला. का ते मलाही सांगता येत नाही.

मग एका फोटोत त्या काळ्याच्या कडेनं धुकं दिसलं. नुसतं धुकं, पहाटे कयाधूवर असतं तेवढं. साहेबांनी फोटो खिडकीला लावला, पुन्हा काढला, उलटा करून लावला. बाहेर गेले, आणि ओट्यावरून त्यांची हाक ऐकू आली, "मूर्तिकार! ओ मूर्तिकार! इकडं या, तुमच्या पोरीचं हाड बघा!"

दवाखान्यातून घरी जाणाऱ्याला साहेबांची एक परीक्षा द्यावी लागे. ओट्यापासून फाटकापर्यंत एकट्यानं चालत जायचं, मागे वळून बघायचं नाही. चाल पाठीमागूनच खरी दिसते, असं त्यांचं म्हणणं. मी निघाले तेव्हा सवयीनं म्हटलं, "येते साहेब."

"येते नाही. जाते म्हण."

आई दचकली. "असं अभद्र काहून बोलायला लावता वो लेकराला?"

"माझ्याकडं परत यायचं नसतं, बाई. जाते म्हण पोरी."

मी "जाते" म्हटलं आणि चालायला लागले. पाय थरथरत होता, काठी नव्हती. फाटक दूर होतं. टाच आधी टेकत गेले. फाटकाला हात लागला तेव्हा मला कळलं, की मी मोठ्यानं रडून राहिले आहे.

मी पुढे शिकले, शिक्षिका झाले. कनेरगाव नाक्याजवळच्या एका शाळेत बरीच वर्षं काढली आणि दोन्ही पायांवर उभं राहून फळ्यावर खडू झिजवला. बाबा गेले. साहेब निवृत्त झाले, पार म्हातारे झाले. एकदा हिंगोलीला गेले असताना मी त्यांच्या घरी गेले. अंगणात खुर्ची टाकून ते उन्हात बसले होते. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "साहेब, मी डावी नडगी."

त्यांचे डोळे तसेच होते, कुठेतरी निघून गेलेले. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "चालून दाखवा," म्हणाले. मी अंगणाच्या टोकापर्यंत गेले, वळून आले.

"पुन्हा."

मी पुन्हा गेले. साहेब पुढे वाकून बघत होते. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"नाही बाई. तुमची काहीतरी गफलत होतेय. हा पाय कधी मोडलेलाच नाही."

मला काय वाटलं ते कसं सांगू? ज्या माणसाला जगातलं प्रत्येक मोडलेलं हाड आठवत होतं, त्याला माझं आठवत नव्हतं. जीव कळवळला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की अंगणात अजून एक फेरी मारावीशी वाटली. मी वाद घातला नाही. म्हटलं, "असेल साहेब, माझीच गफलत असेल." निघताना तोंडातून सवयीनं गेलं, "येते."

"जाते म्हणा," ते उन्हात डोळे मिटून म्हणाले. तेवढं त्यांना आठवत होतं. ती आमची शेवटची भेट.

साहेब गेल्याचं कळलं त्या दुपारी मी बाबांनी रंगांच्या पेटीत जपून ठेवलेली डबी काढली. वार्निशचे हरभरे अजून आहेत. थोडे पिवळे पडलेत, पण एकही फुटलेला नाही. जे कामाला आले त्यांचा मागमूस नाही. ना ते उरले, ना ते पाडणारे हात, ना ते भरणारे. मी एक हरभरा गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब थांबला नाही. घरंगळला, आणि माझ्या डाव्या नडगीवरून हळूहळू खाली गेला.